मागे राहिलेली प्रत

१ जुलै २०२४ रोजी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्यास प्रारंभ झाला आणि महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावी सेतू केंद्रे, महा ई-सेवा केंद्रे व झेरॉक्सची दुकाने यांच्यासमोर रांगा लागल्या. शिरूर आणि दौंड हे तालुके त्याला अपवाद नव्हते. खेड्यापाड्यांतून आलेल्या माता-भगिनींच्या हातात आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि हमीपत्र. ज्यांच्याजवळ कागदाची प्रत नव्हती त्यांनी मोबाइलवर छायाचित्र काढून दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठविले. दुकानदाराने ते संगणकावर उतरवून घेतले, आकार लहान केला, नावातील चूक सुधारली, अर्ज भरला. पैसे देऊन भगिनी एसटीने घरी गेल्या. त्यांच्या कागदांची प्रत मात्र तेथेच राहिली. दहावी-बारावीच्या प्रवेशाच्या दिवसांत, पीकविम्याच्या मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात, शिष्यवृत्तीच्या हंगामात हेच घडते. अशा दुकानातील संगणकाचा 'डाउनलोड्स' हा फोल्डर उघडून पाहिला तर एका तालुक्याची निम्मी शिरगणती तेथे सापडावी!

यात कोणी चोरी केलेली नाही. ते दुकान चालविणारा बहुधा त्याच परिसरातील एखादा कष्टाळू तरुण असतो. कर्ज काढून दोन संगणक घेतलेले, सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मान वर करण्यास उसंत नाही. त्याला दोषी ठरविणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. गिऱ्हाईक उठून गेल्यावर त्याचा कागद संगणकात राहता कामा नये, हे त्याला कोणी शिकविलेलेच नाही. किंबहुना 'पुन्हा आला तर लागेल' म्हणून प्रत जपून ठेवणे ही त्याच्या लेखी सेवाच आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्याचा कागद हाताळण्याच्या रीतीचा, आणि ती रीत आपल्या समाजात अद्याप रुजलेली नाही.

संगणकावरील 'डिलीट' या आज्ञेविषयी पुष्कळांची समजूत अशी की, ती दिली म्हणजे फाइल नष्ट झाली. ग्रंथालयाच्या सूचीतून एखाद्या पुस्तकाचे कार्ड काढून टाकले म्हणून पुस्तक काही कपाटातून नाहीसे होत नाही. ते जेथे होते तेथेच राहते. फक्त ती जागा रिकामी समजावी, एवढी नोंद होते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत साध्या प्रणालीच्या साहाय्याने ते अनेकदा परत मिळविता येते. 'रिसायकल बिन' रिकामा केल्यानेही यात फारसा फरक पडत नाही.

याहून कमी जणांना ठाऊक असलेली बाब फाइल दुरुस्त करण्याविषयीची आहे. पेन ड्राइव्हवरून फाइल उघडली, तिच्यात दुरुस्ती केली, पेन ड्राइव्ह खिशात घातला, म्हणजे त्या संगणकात काही उरले नाही, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः 'वर्ड'सारखी प्रणाली, मध्येच वीज गेली तर काम वाया जाऊ नये म्हणून, दर काही मिनिटांनी मजकुराची एक प्रत त्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर साठवीत असते. काम व्यवस्थित बंद केले तर ती काढली जाते. पण 'काढली जाते' याचा अर्थ वर सांगितला तोच. संगणकाची स्मृती अपुरी पडली की तिच्यातील काही भाग डिस्कवर उतरविला जातो. लॅपटॉप बंद न करता 'हायबरनेट' केला तर त्या क्षणी स्मृतीत जे जे असेल ते सारे डिस्कवर लिहिले जाते. छपाईस पाठविलेला कागद मुद्रकाच्या रांगेत काही काळ फाइल होऊनच थांबतो. ईमेलबरोबर आलेले पत्र तेथल्या तेथे उघडले तरी अनेकदा ते एखाद्या आडबाजूच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरलेले असते. कार्यालयांतील मोठ्या झेरॉक्स यंत्रांपैकी अनेकांत हार्ड डिस्क असते, हे तर यंत्र भंगारात देतानाही कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुन्या जाणकारांचा एक उपाय असे की, त्याच जागेवर पुनःपुन्हा निरर्थक अक्षरे लिहून मूळ मजकूर मिटवावा. फिरत्या तबकडीच्या डिस्कला तो लागू पडत असे. नव्या संगणकांतील एसएसडी मात्र आपली झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून लेखन सतत नव्या नव्या जागी करते, त्यामुळे जुन्या जागी काय उरले यावर वापरणाऱ्याचा ताबा राहत नाही. एकदा उघड्या डिस्कवर उतरलेला मजकूर नंतर निःशेष पुसला गेला, याची खात्री घरबसल्या देता येत नाही. म्हणूनच खरी दक्षता घ्यावयाची ती लिहिण्यापूर्वी.

इतक्या तांत्रिक तपशिलात शिरण्याचे कारण नागपुरात घडले आहे.

ब्रह्मोस हे भारत आणि रशिया यांच्या संयुक्त उद्योगातून सिद्ध झालेले क्षेपणास्त्र. 'ऑपरेशन सिंदूर'नंतर त्याचे नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. या ब्रह्मोस एरोस्पेसच्या नागपूर येथील केंद्रात काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्यास ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या दहशतवादविरोधी पथकांनी अटक केली. हा मुलगा हुशार. उत्तम कामाबद्दल त्याचा गौरवही झालेला. स्त्रियांच्या नावाने उघडलेल्या आणि पाकिस्तानातून चालविल्या जाणाऱ्या समाजमाध्यमांवरील बनावट खात्यांशी त्याचा संपर्क आला, परदेशातील नोकरीचे आमिष दाखवून त्याच्याकडून काही प्रणाली लॅपटॉपवर उतरवून घेण्यात आल्या आणि त्या हेरगिरीच्या प्रणाली होत्या, असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. त्याच्या व्यक्तिगत लॅपटॉपवर गोपनीय फायली आढळल्या होत्या. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्यास जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याची मुक्तता केली. कायम राहिला तो तुलनेने सौम्य दोष: गोपनीय दस्तऐवज स्वतःच्या लॅपटॉपवर राहू दिले, त्यांची घ्यावयास हवी ती काळजी घेतली नाही. त्याबद्दलची तीन वर्षांची शिक्षा भोगून झालेली होती. २०१८ मध्ये याच वाचकवर्गातील अनेक घरांत चहा पिता पिता त्यास 'देशद्रोही' ठरवून लोक मोकळे झाले होते. न्यायालयाने तसे मानलेले नाही, हे तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. परंतु त्याच निकालाने दुसरी गोष्टही दाखवून दिली. देश विकण्याचा हेतू नसलेल्या माणसाच्या आयुष्याची सात वर्षे, त्याचे नाव, त्याच्या कुटुंबाची प्रतिष्ठा केवळ एवढ्यासाठी पणास लागली की, जी फाइल कार्यालयाच्या यंत्रावर राहावयास हवी होती तिची प्रत घरच्या यंत्रावर राहिली. राष्ट्राची झालेली असू शकणारी हानी निराळीच. शत्रूला प्रत्येक वेळी फितूर शोधावा लागत नाही. निष्काळजी माणूस त्याचे अर्धे काम विनामूल्य करून ठेवतो.

नागपूरचे उदाहरण शिरूर-दौंडच्या वाचकास दूरचे वाटण्याचे कारण नाही. दौंड येथे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाचवा आणि सातवा. तालुक्यातच नानवीज येथे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. राखीव दलाच्या तुकड्या गडचिरोलीसारख्या भागात बंदोबस्तास जातात. निवडणुका, उत्सव, दंगल, जेथे जेथे ताण तेथे तेथे हेच जवान उभे. या जवानाचे एक घर असते. त्याच्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी सेवेचा दाखला लागतो, गृहकर्जासाठी वेतनपत्रक लागते, बदलीच्या अर्जाला आदेशाची प्रत जोडावी लागते. हे सारे कोठे टंकलिखित होते, कोठे छापले जाते? स्टेशनबाहेरील किंवा बाजारपेठेतील दुकानात, किंवा शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर. अशा एका कागदात जवानाचे नाव, दलातील क्रमांक, घरचा पत्ता, पत्नीचा मोबाइल क्रमांक आणि पुढील नेमणुकीचे ठिकाण एकत्र येते. नक्षलवाद्यांच्या शहरी हस्तकास याहून अधिक काय हवे? जवान सीमेवर वा जंगलात डोळ्यांत तेल घालून पहारा करतो, आणि त्याच्या घराचा पत्ता गावातल्या एका संगणकात उघडा पडलेला असतो.

शिरूरकडील चित्र थोडे निराळे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत देशी-विदेशी कारखान्यांचे जाळे आहे. तेथे काम करणाऱ्या मध्यमवर्गीय अभियंत्यांची आणि लेखापालांची घरे शिरूर, शिक्रापूर, कारेगाव परिसरात वाढली आहेत. रात्री जेवण उरकल्यावर कंपनीतून ईमेलने स्वतःकडेच पाठविलेली फाइल घरच्या लॅपटॉपवर पुरी करण्याची सवय त्यांतील कित्येकांना असेल. त्याच लॅपटॉपवर दिवसा मुलगा खेळ उतरवून घेतो. कंपनीने दिलेला विश्वास आणि कोठून तरी फुकट आणलेला खेळ एकाच डिस्कवर शेजारी शेजारी नांदतात. अलीकडे यात आणखी एका सवयीची भर पडली आहे. इंग्रजी पत्राची भाषा नेटकी करून घेण्यासाठी कार्यालयीन मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परदेशी प्रणालीत उतरविण्याची! केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन यंत्रांवर अशा प्रणाली वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने. खासगी कचेऱ्यांतील मंडळींना तशी सूचना कोण देणार?

शिरूर तालुक्याचे नाव देशभर ज्या प्रकरणामुळे गेले, त्याचाही धागा येथे येऊन मिळतो. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार उसळला. पुढे झालेल्या तपासात पोलिसांनी अनेकांचे संगणक जप्त केले आणि त्यांतील पत्रे हा बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी असलेल्या संबंधांचा मुख्य पुरावा म्हणून मांडली. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय अन्वेषण यंत्रणेकडे गेला. २०२१ मध्ये बचाव पक्षाच्या वतीने एका अमेरिकी कंपनीचा अहवाल पुढे आला. एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये शिरकाव करून त्या फायली बाहेरून पेरण्यात आल्या, असा त्या अहवालाचा दावा. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खरे-खोटे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे आणि ते त्याने करावे. देशाविरुद्ध कट रचणाऱ्यांस शासन झालेच पाहिजे, याविषयी या पानांच्या वाचकांत दुमत नसावे. परंतु या वादातून सर्वसामान्य माणसाने घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. डिस्कवर जे सापडते ते त्या डिस्कच्या मालकाचे समजले जाते. ते त्याने लिहिले नाही, ठेवले नाही, पाहिलेही नाही, हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात त्याच्यावरच येऊन पडतो. उघड्या, कोणाच्याही हाती जाणाऱ्या, कुलूप नसलेल्या संगणकाचा मालक हा भार कसा पेलणार?

आता थोडे घरात डोकावून पाहावे. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. तत्पूर्वीच, ३० जून रोजी, सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना अटक करून पुढे येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. त्या काळातील भूमिगत कार्याच्या आठवणी ज्येष्ठ स्वयंसेवकांकडून अनेकांनी ऐकल्या असतील. सायक्लोस्टाइल केलेली पत्रके वाचून झाली की पुढच्या हाती जात किंवा चुलीत जात. पत्ते वहीत नव्हे, डोक्यात ठेवावयाचे. घरझडतीत दुसऱ्याचे नाव असलेला कागद मिळता कामा नये. एका विसरलेल्या वहीपायी दहा घरांचे कर्ते पुरुष 'मिसा'खाली जाऊ शकत होते, आणि त्या दहा घरांत चूल कशी पेटेल याची चिंता आणखी वीस घरांनी वाहावयाची होती. ज्या माउलींनी पोलीस दाराशी असताना कागद चुलीत सारले, त्यांना संगणकाचे शास्त्र ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे नाव आपल्या घरात असुरक्षित राहू नये, हे मात्र पक्के ठाऊक होते.

त्याच परंपरेतील आजच्या कार्यकर्त्याचा लॅपटॉप कसा आहे? संघाकडे सदस्यांची रीतसर नोंदवही नाही, याचे विरोधकांना नेहमी आश्चर्य वाटते. आता नोंदवही नसलेल्या संघटनेच्या भोवतीच्या कामांतून एक्सेलचे शेकडो तक्ते जन्माला येत आहेत. १५ जानेवारी ते २७ फेब्रुवारी २०२१ या काळात श्रीराम जन्मभूमी मंदिरासाठी निधी समर्पण अभियान झाले. घरोघरी संपर्क झाला, कुपने आणि पावत्या दिल्या गेल्या, हिशेब चोख दिला गेला; त्याचा अभिमान रास्त आहे. त्या संपर्कात कोणी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या नावांच्या, पत्त्यांच्या, मोबाइल क्रमांकांच्या याद्या आज कोणत्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत? करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, सेवाकार्यातील कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या याद्या केल्या. कोणाला प्राणवायू हवा, कोणाच्या घरी एकटी वृद्धा आहे, कोणाला उसनवारी झाली आहे, सारे त्यांत होते. कुटुंबातील तंटे मिटविताना, एखाद्या फसविल्या गेलेल्या मुलीला घरी परत आणताना, व्यसनमुक्तीसाठी कोणाला दाखल करताना लिहिलेली टिपणे तर याहून नाजूक. त्या मुलीचे उद्या लग्न ठरेल. तिची हकीकत एखाद्या भल्या कार्यकर्त्याच्या 'नवीन फोल्डर २' मध्ये पडून असेल, आणि तो लॅपटॉप दुरुस्तीला जाईल. त्या भल्या माणसाच्या हातूनच मग त्या घराचा घात होईल.

उपाय अवघड नाहीत, पण ते कामाच्या आरंभीच करावे लागतात. स्वतःच्या संगणकापुरता पहिला उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कला सांकेतिक कुलूप. विंडोजच्या वरच्या आवृत्त्यांत 'बिटलॉकर', मॅकमध्ये 'फाइलव्हॉल्ट', लिनक्समध्ये 'लक्स' ही सोय उपलब्ध आहे. 'व्हेराक्रिप्ट' ही मुक्त प्रणाली कोणालाही विनामूल्य मिळते. डिस्क अशी कुलूपबंद असली की, तात्पुरत्या प्रती, छपाईच्या रांगेतील फायली, हायबरनेटची नोंद, सारे त्या कुलपाच्या आतच पडते. लॅपटॉप बंद असताना चोरीस गेला तरी चोराच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढिगारा लागतो. अट एकच: परवलीचा शब्द लॅपटॉपच्या झाकणावर चिकटविलेला नसावा! आणि किल्ली हरवली तर आपलाही मजकूर गेला, म्हणून तिची एक नोंद कागदावर करून सुरक्षित जागी ठेवावी.

संगणक दुसऱ्याचा किंवा सामायिक असेल तर काय करावे? 'टेल्स' नावाची मुक्त प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू होते, संगणकाच्या डिस्कला स्पर्श न करता केवळ स्मृतीत चालते आणि बंद करताच सारे विसरते. काम केलेली फाइल हवी असल्यास त्याच पेन ड्राइव्हच्या कुलूपबंद भागात राहते. काही देशांतील पत्रकारांना जिवाच्या भीतीने ती वापरावी लागते. पतपेढीच्या लिपिकाला रोज हे सांगणे व्यवहार्य नाही, हे खरे. पण ज्यांच्या हाती खरोखरच नाजूक टिपणे असतात अशा दोन-चार जणांना ते शिकता येईल. अर्थात जेथे कळफलकाच्या तारेतच कोणी पाळत ठेवणारे यंत्र लावले असेल तेथे कोणतीच प्रणाली तारत नाही. तेथे शहाणपण एकच, ते काम त्या संगणकावर करू नये.

संस्थांसाठी तिसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे. फाइल एकाच मध्यवर्ती यंत्रावर ठेवावी. काम करणाऱ्याच्या पडद्यावर ती उघडावी, दुरुस्ती तेथेच व्हावी आणि त्याच्या स्वतःच्या यंत्रावर प्रत उतरविण्याची मुभाच नसावी. महसूल खात्याने 'ई-फेरफार'मध्ये थोडेफार हेच साधले आहे. सातबाऱ्यावरील नोंद तलाठ्याच्या घरच्या लॅपटॉपवर दुरुस्त होत नाही. ती मध्यवर्ती संचात होते आणि कोणी केव्हा केली याचा माग तेथे राहतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला तो याच व्यवस्थेच्या बळावर. शेतकऱ्याच्या जमिनीला जी काळजी मिळते ती त्याच्या लेकीच्या आधार कार्डाला का मिळू नये?

मध्यवर्ती यंत्र म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न ओघानेच येतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अकस्मात थांबविल्या. पैसे भरलेले असताना कंपनीला आपलीच पत्रे, आपलेच दस्तऐवज हाती लागेनात. दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही अवस्था, तर तालुक्याच्या शिक्षणसंस्थेची काय कथा! आपल्या यंत्रावर प्रत ठेवू नये हे खरे, पण ती परक्याच्या अंगणात ठेवून निश्चिंत होणे हा उपाय नव्हे. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली बनविली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' ही स्वदेशी प्रणाली आपल्या संगणकांवर आणण्याचा निर्णय घेतला. 'झोहो'सारखी भारतीय कंपनी लेखनापासून हिशेबापर्यंतच्या प्रणाली देते. स्वदेशीचा विचार साबण आणि दंतमंजनापुरता उरला असेल तर तो येथवर आणण्याची वेळ झाली आहे.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. माग न ठेवता काम करण्याची विद्या शिकविणे म्हणजे गुन्हेगारांना मोकळीक नव्हे काय? भ्रष्ट अधिकारीही हेच करतील. येथे भेद स्पष्ट हवा. सार्वजनिक कार्यालयातील अभिलेख हा जनतेचा आहे. त्याचा माग राहिलाच पाहिजे, माहितीच्या अधिकाराखाली तो मिळालाच पाहिजे. ज्या पतसंस्थेची चौकशी सुरू आहे तिच्या संचालकाने संगणक पुसणे हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा आहे, आणि त्यास कोणतीही तात्त्विक मुलामा देण्याची गरज नाही. अभिलेख जेथे असावयास हवा तेथे तो पूर्ण, स्वाक्षरीसह आणि कायम असावा. जेथे असावयास नको तेथे त्याची एक ओळही नसावी. अफरातफर करणाऱ्यास नेमके याच्या उलट हवे असते, म्हणजे अधिकृत वहीत काही नसावे आणि खासगी डायरीत सारे असावे.

शासनानेही आपल्या दारातील कचरा काढावा. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळूरु येथील कार्यालयाने एक सूचना काढली. आधारची छायाप्रत वाटेल तेथे देऊ नये. सायबर कॅफेतील सामायिक संगणकावर ई-आधार उतरवून घेणे टाळावे आणि घेतलेच तर त्याच्या साऱ्या प्रती तेथून कायमच्या काढून टाकाव्यात. सामान्य नागरिकाला त्याच्या भाषेत सांगावी अशी ही गोष्ट होती. दोनच दिवसांत, गैरसमज होईल म्हणून, ती सूचना मागे घेण्यात आली! डिजिलॉकरमधील दस्तऐवज कायद्याने मूळ दस्तऐवजाच्या तोडीचा आहे. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत कोणालाही विनामूल्य मिळते. तरीही खिडकीवरचा कर्मचारी 'दोन झेरॉक्स जोडा' म्हणतो आणि नागरिक पुन्हा त्या दुकानाकडे वळतो. जोवर कार्यालये कागद मागत राहतील तोवर दुकानातील फोल्डर भरत राहणार.

शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि खेड्यातील मुलाला हाताने काम करीत तंत्रविद्या शिकता येते हे दाखवून दिले. संगणकाची ही दक्षताही तशीच शिकवावयाची विद्या आहे. भाषणाने ती येत नाही. दोन दिवसांच्या वर्गात दुकानदार तरुणांना प्रत्यक्ष दाखविता येईल की, पुसलेली फाइल पाच मिनिटांत परत कशी येते. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलेला मुलगा पुन्हा कधी निष्काळजी राहणार नाही. व्हॉट्सॲपचे आपोआप उतरवून घेणे बंद करणे, गिऱ्हाइकांसाठी वेगळे 'अतिथी' खाते ठेवणे, डिस्क कुलूपबंद करणे आणि दुकान मिटण्यापूर्वी दिवसाचा फोल्डर रिकामा करणे, एवढ्याला खर्च जवळजवळ नाही. असा वर्ग भरविण्यास एखाद्या शाळेची संगणकखोली आणि रविवारची सकाळ पुरते. दौंडमध्ये जवानांच्या कुटुंबीयांसाठी, शिरूरमध्ये लेखापाल व शिक्षकांसाठी तो निराळा घ्यावा लागेल, कारण त्यांचे कागद निराळे आहेत.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर ती पुसून टाकणे हे त्यात कर्तव्य मानले आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मुख्य तरतुदी अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाच्या अशी योजना आहे. कायद्याचा बडगा तालुक्याच्या दुकानापर्यंत केव्हा पोहोचेल, हे सांगता येत नाही. लाडक्या बहिणींच्या त्या पावसाळ्यातील फायली मात्र जेथे कोणी हात लावलेला नाही तेथे अजून तशाच असतील.